बुढ्याचा सदरा

तानुबाईचा नवरा निवृत्ती मेला तेव्हा धाड गावच्या बायांना वाटलं, आता ही बाई गप्प होईल. जन्मभर ज्याला शिव्या घातल्या तोच गेला, आता तोंड वाजवणार कुणावर? पण तानुबाई गप्प झाली नाही. तिनं निवृत्तीचा आकाशी सदरा काढला. तोच, जो घालून तो धाड-बुलढाणा रस्त्यावर काळीपिवळी जीप चालवायचा. त्यात कापूस कोंबला, बटणं लावली, खालचं तोंड शिवलं, बाह्यांच्या टोकांना गाठी मारल्या आणि भिंतीला टेकवून बसवला. रोज दिवेलागणीला भाकरीचं ताट घेऊन ती त्याच्यासमोर बसायची आणि सुरू व्हायची.

"सांगतलं होतं तुले! डोळे पिवळे झाले, बुलढाण्याले चाल, डाक्टरले दाखवू. गेला का? नाई! गळ्यात दोरे बांधत फिरला गावोगाव. त्या दोरेवाल्यानं उतरवली का तुही कावीळ? त्याले नारळ देल्लं, कोंबडं देल्लं. अन मले काय देल्लं बे तू?"

सदरा काही बोलायचा नाही. जिवंतपणी निवृत्तीही बोलायचा नाही, त्यामुळे तानुबाईला विशेष फरक पडला नव्हता. शिव्या संपेपर्यंत भाकर संपायची. मग ती त्याच सदऱ्यावर डोकं टेकायची आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं घोरायची. गोळी नाही, औषध नाही. बरं चाललं होतं बाईचं.

आणि नेमकं तेव्हाच गावात कल्याण करणारे आले.

'मनटाका फाउंडेशन' असं त्या कल्याणाचं नाव. त्याच्या अध्यक्षा निशिगंधाताई. बुलढाण्यात बंगला, नवऱ्याचं रस्त्याच्या खडीचं कंत्राट. नवऱ्यानं केलेल्या रस्त्यावरून धाडला यायचं म्हणजे गाडीत माणसाची हाडं खिळखिळी व्हायची, पण ताई प्रसन्न मुद्रेनं उतरायच्या. हातमागाची साडी, कानात लाकडाचे डूल, आणि कुणी दुःख सांगायला लागलं की मान हळूच डावीकडे कलती. ही मान त्यांनी आरशासमोर बसून शिकली असावी, कारण फोटोत ती दरवेळी तंतोतंत तशीच यायची.

बंद पडलेली बालवाडीची खोली त्यांनी रंगवून घेतली. दारावर पाटी लावली, 'टाका घाला, ताण टाका'. दर गुरुवारी गावच्या गरीब, दुःखी, एकट्या बायांनी तिथं बसायचं, गोधड्या शिवायच्या आणि मन मोकळं करायचं. गोधड्या गरजूंना वाटायच्या. म्हणजे एका दगडात दोन गरिबांचं भलं. पहिलं वाटप सुलतानपूरला झालं, भर मे महिन्यात. एका म्हाताऱ्याच्या अंगावर ताईंनी स्वतः गोधडी पांघरली. फोटो होईपर्यंत तो घामानं निथळत हात जोडून बसला होता. फोटोखाली ताईंनी लिहिलं, 'डोळ्यांत पाणी आले'. आलंच होतं, डोळ्यांतून नव्हे इतकंच.

बाया केंद्रात यायच्या त्या फॅनसाठी आणि चहाबिस्किटांसाठी. तानुबाईही त्याचसाठी गेली. तिला तिथं नेलं जनकाबाईनं. जनकाबाई भीमनगरातली, तानुबाईची निंदणीतली जुनी जोडीदारीण. कापसाच्या एकाच ओळीत दोघी वाकून म्हाताऱ्या झालेल्या. जनकाबाईचा टाका बारीक, सरळ. तानुबाईचा टाका म्हणजे चिखलातून कोंबडी गेलेली.

"आज आपण आपल्या वेदनेला टाके घालणार आहोत," ताई म्हणाल्या.

"वेदनेले?" जनकाबाई म्हणाली. "म्या तं अस्तर घेऊन आली."

बाया खिदळल्या. ताईंनी मान कलती केली आणि नव्या आलेल्या तानुबाईकडे वळल्या. "ताई, तुमचे मिस्टर गेले असं कळलं. त्यांनी... स्वतःच का?"

"नाई व माय. कावीळ झाली."

"अच्छा," ताई म्हणाल्या. दुकानात गेल्यावर हवा तो रंग संपलाय असं कळलं की बाई जशी 'अच्छा' म्हणते, तसं.

तेव्हा जनकाबाईचं तोंड सैल सुटलं. गंमत म्हणून तिनं सांगून टाकलं. "मेला तरी सुटला नाई जी तो हिच्या तावडीतून. त्याचा सदरा कापसानं भरून ठेवला हिनं. रोज भांडते त्याच्यासंग!"

सगळ्या हसल्या. ताई हसल्या नाहीत. खजिना सापडलेल्या माणसासारखे त्यांचे डोळे चमकले. "ताई, याला डिनायल म्हणतात."

"आमी त्याले सदरा म्हणतो," तानुबाई म्हणाली.

पण ताईंनी तिचा हात हातात घेतला. लेट गो करायला शिका म्हणाल्या. त्या सदऱ्यात तुमचं दुःख अडकलंय म्हणाल्या. आपण सगळ्यांच्या गेलेल्या माणसांच्या कपड्यांची एक स्मृती-गोधडी करू, ती इथंच या भिंतीवर कायमची राहील, तुम्ही केव्हाही या, तिला हात लावा, तिच्याशी बोला. पहिलं पाऊल तानुताई टाकतील, कारण त्या धाडसी आहेत. आणि ताईंनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्या बायांनी वाजवल्या.

आता खरं सांगायचं तर तानुबाई तिथंच फसली. जन्मात तिच्यासाठी कुणी टाळी वाजवली नव्हती. लग्नातही बँडवाले उशिरा आले होते. टाळ्यांनी तिचा ऊर भरून आला आणि पुढच्या गुरुवारी ती सदरा घेऊन गेली.

बाकीच्यांनीही आणलं. मनकर्णाबाईनं मेलेल्या सासूचं हिरवं लुगडं आणलं. जनकाबाईनं बापाचा निळा दुपट्टा आणला, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत तो जन्मभर गळ्यात घालायचा तो. सगळं जमिनीवर मांडलं. पुढाऱ्यांनी फीत कापावी तशी पहिली कात्री निशिगंधाताईंनी स्वतः चालवली, निवृत्तीच्या सदऱ्यावर. कापूस भसकन बाहेर आला. तानुबाई तो गोळा करायला वाकली, पण मोबाइल तिच्याकडे रोखलेला होता आणि ताई म्हणत होत्या, "स्माइल, ताई." तिनं दात दाखवले.

सदऱ्याचे चौकोनी तुकडे झाले. पाठ वेगळी, खिसा वेगळा. कॉलर आणि बाह्या चौकोनात बसेनात, म्हणून चिंध्यांसोबत आतल्या भरणीत गेल्या. वरून धावदोरा फिरला. गोधडी झाली देखणी, त्यात काही खोटं नाही. भिंतीवर टांगली तेव्हा बाया गुमान बघत राहिल्या. मनकर्णाबाईनं तर सासूच्या लुगड्याला पदर लावून नमस्कार केला, जे तिनं सासू जिवंत असताना कधी केलं नव्हतं.

त्या दिवसापासून तानुबाईची भाकर घशाखाली उतरेना.

दिवेलागणीला ताट घेऊन बसायची. समोर भिंत. तोंड उघडायची, पण शिव्या द्यायच्या कुणाला? भिंतीचा काय गुन्हा? मग तिनं शेळीला शिव्या दिल्या. शेळी उठून दुसऱ्या कोपऱ्यात गेली. जीपवाल्याला दिल्या, तो भांडायला आला. किराणावाल्याला दिल्या, त्यानं उधारी बंद केली. झोप उडाली. पोरगी काजल, पिंपळगाव राजाला दिलेली, फोनवर म्हणाली, "आई, तुहा आवाज काऊन असा बसला?" आवाज बसणारच. वापर नव्हता त्याचा.

ताईंनी सांगितलं होतं, केव्हाही या, हात लावा, बोला. तानुबाई गेली. दाराला कुलूप. किल्ली बुलढाण्याला, ताईंच्या पर्समध्ये. दुःख बायांना रोज होतं, केंद्र मात्र गुरुवारी उघडायचं. मग तानुबाई खिडकीपाशी गेली. गजातून गोधडी दिसत होती. वरच्या बाजूला आकाशी तुकडे होते. तिनं गज धरले आणि तिथूनच सुरू केलं.

"बसला का आरामात पंख्याखाली? घरी याचं नाव नाई! तिकडं शेळी आटली, छपराचा पत्रा उडाला, अन हा पाहा, भिंतीवर चढून बसला!"

गल्लीतली माणसं थांबून बघायला लागली. बाईला लागीर झालं असं कुणी म्हणालं, कुणी मोबाइल काढला. तानुबाईला फिकीर नव्हती. त्या दिवशी घरी जाऊन तिनं दीड भाकर खाल्ली.

पुढच्या गुरुवारी ताई आल्या त्या घाईतच. आनंदाची बातमी होती. केंद्राला वर्ष झालं म्हणून मोठा कार्यक्रम. प्रमुख पाहुणे राजकुमारभाऊ. भाऊ जिल्हा परिषदेला उभे राहणार होते आणि भाऊंच्या एका फोनवर खडीचं कंत्राट इकडचं तिकडे व्हायचं, हे ताईंनी सांगितलं नाही, ते सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं. "शाल-श्रीफळ फार जुनं झालं," ताई म्हणाल्या. "आपण भाऊंचा सत्कार या स्मृती-गोधडीनं करायचा! पुण्याचे डोनरही येणार आहेत."

इथल्या कुठल्याही बाईला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. मेल्या माणसाच्या कपड्याची गोधडी घरच्यांनी पांघरावी. लेकरानं पांघरावी, नातवानं पांघरावी. परक्याच्या खांद्यावर ती कुणी घालत नाही, आणि परकाही घालून घेत नाही. पण ताईंनी विचारलं नाही. आणि केंद्राचा नियमच होता, निगेटिव्ह बोलायचं नाही. त्यामुळे बायांनी एकमेकींकडे पाहिलं आणि निमूट बिस्किटं खाल्ली.

तानुबाई मात्र उभी राहिली. "ते भिंतीवर राहीन म्हणले होते ना तुमी?"

"ताई, ती आता तुमची एकटीची नाही, समाजाची आहे."

"मंग माहा सदरा काढून द्या. बाकीची द्या समाजाले."

"अहो, शिवलेली गोधडी अशी एका तुकड्यासाठी उसवायची का? तुम्हाला आम्ही प्रमाणपत्र देणार आहोत. फ्रेम करून."

"प्रमाणपत्राले शिव्या देता येत नाई, बाई," तानुबाई म्हणाली. पण ताई फोनवर मंडपवाल्याशी बोलायला लागल्या होत्या.

कार्यक्रम शाळेच्या पटांगणात झाला. राजकुमारभाऊ वेळेनंतर बऱ्याच वेळानं आले. पांढरी गाडी, पुढं लिंबू-मिरची, मागं काळी बाहुली. कपाळावर टिळा, मनगटावर इतके धागे की घड्याळ लावायला जागा नाही. गाडीतून उतरताना आधी उजवा पाय खाली ठेवला. मंडपाच्या दारात मांजर दिसलं तर ते हाकलून लावेपर्यंत बाहेर उभे राहिले. असा हा पुरोगामी विचारांचा नेता. हे विशेषण सूत्रसंचालकाचं आहे.

ताईंचं भाषण झालं. वेदना, धागा, ऊब, सक्षमीकरण, सगळं झालं. मग केंद्रातल्या दोघींनी गोधडी धरून आणली आणि ताईंनी ती भाऊंच्या खांद्यावर पांघरली. टाळ्या. फटाफट फोटो. भाऊ हसले, गोधडी छातीशी आवळून घेतली.

तानुबाई पुढच्याच सतरंजीवर बसली होती. आज काही बोलायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. कार्यक्रम संपल्यावर भाऊंच्या पाया पडू, चार शब्द विनवून सांगू, सदरा मागून घेऊ. पण समोर बघते तो काय! भाऊंच्या नेमक्या छातीवर निवृत्तीचा खिसा आला होता. तंबाखूच्या डागासकट. डाग ओळखीचा. धुऊन धुऊन तिच्या हाताची सालं निघाली होती त्या डागापायी.

आणि तिचा ताबा सुटला.

"बसला का जाऊन पुढाऱ्याच्या उरावर!" तानुबाई ओरडली. अख्खा मंडप चमकला. "लाज वाटते का काई? जन्मभर जीपीत कोंबून माणसं नेली, आता सोता वर चढून बसला! म्या तिकडं उपाशी मरून राह्यली अन तू इथं टाळ्या घेऊन राह्यला? उतर! उतर म्हणते ना खाली!"

भाऊंना वाटलं आपल्यालाच म्हणते. त्यांच्या कार्यकर्त्यांना तर खात्रीच झाली, दोघं तिला धरायला धावले. भाऊंनी हात वर करून त्यांना थांबवलं, कारण कॅमेरे चालू होते. "बोला आजी, बोला. काय तक्रार आहे? रस्त्याची का?"

"तुमाले नाई म्हणत जी! मी बुढ्याले म्हणून राह्यली!"

"कोणता बुढा?"

"माहा! निवृत्ती! तो काय, तुमच्या छातीवर!"

भाऊंनी खाली पाहिलं. छातीवर कुणी नव्हतं.

"मेला ना तो काविळीनं," तानुबाई म्हणाली. "त्याचाच सदरा आहे तो."

भाऊंच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी वाळलं. ते ताईंकडे वळले. ताई घाईनं म्हणाल्या, "भाऊ, ही संकल्पना आहे, प्रतीकात्मक..." पण भाऊंना प्रतीकात पडायचं नव्हतं. त्यांनी दोन बोटांनी हिरवा तुकडा उचलला. "अन हे?"

"माही सासू," मनकर्णाबाई मागून म्हणाली. पदरात तोंड लपवून, पण म्हणाली.

"अन हे निळं?"

"माहा बाप," जनकाबाईनं ठणकावून सांगितलं. "मोठा भला माणूस होता जी. तुमाले काई करणार नाई तो."

भाऊंनी गोधडी अशी झटकली जणू अंगावर पाल पडली. ती खुर्चीवर पडली, खुर्ची उलटली, नारळ गडगडत स्टेजच्या खाली गेला. "गाडी काढा!" भाऊ ओरडले. "मेलेली माणसं घालता का माह्या अंगावर? फॉर्म भराचाय मले सोमवारी!" आणि उजवा-डावा कुठलाच पाय न पाहता ते स्टेजवरून धडाधड उतरले. घरी गेल्यावर त्यांनी डोक्यावरून आंघोळ केली, भटजी बोलावला आणि ताईंच्या यजमानांना फोन केला. त्या फोनवर जे काही बोलणं झालं त्यानंतर खडीचे डंपर दुसऱ्याच्या नावानं धावायला लागले.

मंडपात हसण्याचा गदारोळ. पुण्याचे डोनर पाणी मागत होते. गोधडी स्टेजवर तशीच पडून होती. तिला हात लावायला कार्यकर्ता धजेना, सूत्रसंचालक धजेना, प्रतीकावर पाऊण तास बोललेल्या ताईसुद्धा चार हात दूर उभ्या. शेवटी जनकाबाई वर चढली, गोधडी झटकली, घडी घातली, काखेत मारली. "कायचं भ्या तुमाले? आमचीच तं माणसं हायेत," ती म्हणाली आणि चालू लागली. मागं तानुबाई, मागं मनकर्णाबाई, मागं बाकीच्या.

जनकाबाईच्या ओसरीवर बसून बायांनी गोधडी उसवली. शिवायला कित्येक गुरुवार गेले होते, उसवायला दोन दुपारी पुरल्या. जिचं तिचं माणूस जिनं तिनं घरी नेलं. भरणीतल्या चिंध्यांत सदऱ्याची कॉलर सापडली, बाह्याही सापडल्या. तानुबाईनं सगळे तुकडे मांडीवर घेतले. पाठ, खिसा, कॉलर, बाह्या. निवृत्ती सगळा होता, पण सुटा.

"दे मले, शिवून देते," जनकाबाई म्हणाली.

"नको," तानुबाई म्हणाली. "कापला कोणं?"

आणि तुकडे मांडीवर घेऊन ती रोज जनकाबाईच्या ओसरीवर थांबून राहिली. फार थांबावं लागलं नाही. भाऊंनी गोधडी झटकल्याचा व्हिडिओ चिखलीपासून मलकापूरपर्यंत प्रत्येक मोबाइलमध्ये फिरत होता. डोनर रागावले होते. म्हणून निशिगंधाताई स्वतः गाडी घेऊन भीमनगरात आल्या, पहिल्यांदाच. गाडी गल्लीत शिरेना, तर नाल्यावरून उडी मारून पायी आल्या. साडीची किनार चिखलात.

"तानुताई, एक छोटासा व्हिडिओ करू या," त्या म्हणाल्या. मान अजून कलतीच. "फक्त इतकंच म्हणा की गैरसमज झाला होता, आणि केंद्रामुळे तुम्हाला खूप बरं वाटतं."

"म्हणते की," तानुबाई म्हणाली. "काऊन नाई म्हणणार? बसा."

ताई ओसरीच्या कडेला बसल्या. तानुबाईनं सदऱ्याचे तुकडे त्यांच्या मांडीवर ओतले आणि वर सुईदोरा ठेवला. "तुमी कापला, तुमीच जोडा. होता तसा. मंग म्हणते काय म्हणाचं ते."

"मी?" ताई हसल्या. "मी शिवणवाली पाठवते ना."

"पाठवणं नको. हातानं."

ताईंनी जनकाबाईकडे पाहिलं. जनकाबाई चुलीवर चहा ठेवायला उठली. मनकर्णाबाईकडे पाहिलं. ती हरभऱ्याचे घाटे सोलत बसली होती, आणि आज कुठंच जायची घाई नाही असं तिचं एकूण बसणं होतं. गल्लीतल्या बाया एकेक करून येऊन टेकल्या. सगळ्यांना एवढंच बघायचं होतं. ज्या बाईनं गावाला टाक्यांचं महत्त्व शिकवलं, तिचा टाका कसा दिसतो.

तो दिसलाच नाही बराच वेळ. कारण दोरा सुईत जाईना. ताईंनी दोरा ओला केला, पिळला, एक डोळा मिटला. चष्मा काढला, परत घातला. शेवटी गेला. मग गाठ मारायची राहिली आणि पहिला टाका सळकन निघून आला. पोरी हसल्या. ताईंच्या कानाची पाळी लाल झाली, पण त्या उठल्या नाहीत, कारण डोनरचा फोन संध्याकाळी येणार होता. दोनदा सुई बोटात गेली. कपाळावर घाम आला. मान सरळ झाली, आपोआप. काम करताना मान कलती ठेवता येत नाही.

चहा झाला. घाटे सोलून झाले. नाल्यापलीकडे ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला. ताईंनी पाठ आणि खिशाचा तुकडा सांधून त्याला एक बाही जोडली आणि सदरा दोन्ही हातांनी वर धरला. पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर फोटोसाठी नसलेलं काहीतरी आलं. "झालं एक," त्या म्हणाल्या. "बघा."

तानुबाईनं सदरा हातात घेतला. बाहीत हात घालून पाहिला. शिवण बाहेर आली होती, आणि उजवी बाही डाव्या खांद्याला बसली होती.

तिनं सदरा ताईंच्या मांडीवर परत ठेवला.

"उसव," ती म्हणाली.